जुना लॅपटॉप सुरू होत नाही: मदरबोर्डवर ठपका ठेवण्यापूर्वी

आपण देवगडहून लिहिले आहे की आठ वर्षे वापरलेला लॅपटॉप पावसाळा लागल्यापासून धड सुरू होत नाही. बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंपनीचा लोगो येतो आणि पुष्कळदा गाडी तिथेच अडते. तारीखही मागे गेलेली दिसते. आंब्याच्या गेल्या काही हंगामांचे हिशेब आत आहेत आणि दुरुस्ती करणाऱ्याने न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या’ असे सांगितले आहे. या वर्णनावरून तसा निकाल देणे मला घाईचे वाटते, कारण मदरबोर्ड, म्हणजे आतले सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, पुरता गेला असेल तर लॅपटॉप चौथ्या वेळीही उठत नाही. मला येथे बहुधा दोन निरनिराळे बिघाड दिसतात, एक लोगो येण्याआधीचा आणि दुसरा लोगो आल्यानंतरचा, आणि ते वेगवेगळे तपासले नाहीत तर खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो.

सर्वप्रथम एक गोष्ट पाहावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यास डुगडुगतो का, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का? तसे असेल तर आतील बॅटरी बहुधा फुगलेली आहे; ती दाबू नये, टोचू नये आणि ती काढेपर्यंत चार्जर लावू नये. तसे नसेल तर चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि मग केवळ चार्जरवर लॅपटॉप सुरू करून पाहावा. चार्जरचीही परीक्षा घ्यावी. मल्टिमीटरवर १९ व्होल्ट दिसले म्हणजे चार्जर चांगला असे नव्हे. भार पडताच व्होल्टेज कोसळणारे जुने चार्जर बरेच असतात, म्हणून त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनेचा आणि तितक्याच किंवा अधिक वॅटचा दुसरा चार्जर कोणाकडून तरी मागून आणून लावणे हीच खरी चाचणी. स्क्रीन काळी असताना तिच्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसले तर लॅपटॉप चालू आहे आणि फक्त मागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडूनही हे कळते.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या सुट्या पट्टीवर आहे, आणि त्याचे कारण आपल्या हवेत आहे. समुद्राकडून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पंख्याबरोबर आत ओढले जातात आणि धुळीत मिसळून बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलसर होते, आणि किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. हा ओलसर थर संपर्काच्या पट्ट्या गंजवतो आणि नको तेथून सूक्ष्म प्रवाहही वाहू देतो. दोन-तीनदा बटण दाबल्यावर बोर्ड थोडा गरम होतो, ओल सुकते आणि लॅपटॉप उठतो. बोर्डवरील जुने कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग) थकल्यावरही असेच घडते, त्यामुळे हे निदान पक्के मानू नये, पण रॅम तपासायला पैसे लागत नाहीत.

चार्जर आणि बॅटरी काढून मागचे झाकण उघडावे. बॅटरी आत असेल तर तिचा कनेक्टर आधी सोडवावा आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. तिच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरून पाहाव्यात: त्या निस्तेज किंवा कडेला हिरवट दिसल्या तर गंज चढला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने त्या पुसाव्यात. बाजारात सर्रास खोडरबर वापरतात. मला ते पसंत नाही, कारण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पट्टी तिरकी घालून, पुरती आत सरकवून, मग खाली दाबावी आणि दोन्ही क्लिपा बसल्याचा ‘टक’ आवाज ऐकावा. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून, दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहावी. यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, म्हणून लगेच बटण दाबू नये.

झाकण उघडलेलेच आहे तर सीमॉस सेलही, म्हणजे लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा छोटा सेल, बदलून घ्यावा. तारीख मागे जाणे हे तो संपल्याचे नेहमीचे लक्षण आहे. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. काहींमध्ये खाचेत बसवलेला, तर काहींमध्ये प्लास्टिकच्या वेष्टनात दोन तारांसह असतो. किंमत किरकोळ आहे, पण परिणाम मोठा, कारण सेल संपला की काही जुन्या लॅपटॉपमध्ये बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जातात आणि डिस्क शाबूत असूनही विंडोज सापडत नाही. ओल घालवण्यासाठी लॅपटॉप उन्हात किंवा तांदळात ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात दोन दिवस पुरेत.

आता लोगोनंतरचा बिघाड. येथे संशय हार्ड डिस्कवर जातो आणि येथे घाई महागात पडते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप पुन्हा सुरूच करू नये आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे जावे. आवाज नसेल तर डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आधी हिशेबाच्या फायली, मग फोटो उतरवावेत. ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारल्यास नकार द्यावा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कवरील कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते; ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. चेकडिस्क (विंडोजमधील डिस्क तपासणी) किंवा विंडोजची स्वयंदुरुस्ती फायली उतरवल्यानंतरच चालवावी, कारण मरणोन्मुख डिस्कला तेवढा ताणही पुरतो. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दाखवले तर दुरुस्तीच्या फंदात न पडता अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेला, चिपवर माहिती साठवणारा डिस्कचा पर्याय) बसवावा. तसा तो आठ वर्षांच्या लॅपटॉपला एरवीही लाभतो.

विंडोज नव्याने टाकताना हे लक्षात घ्यावे की विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) तसेच इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला लॅपटॉप अगदी सीमेवर आहे. हिशेब साध्या स्प्रेडशीटमध्ये असतील तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस प्रोग्राम यांवर काम भागेल. टॅली वापरत असाल तर विंडोजच हवे.

एवढे करूनही स्क्रीन काळीच राहिली तर मात्र चिप लेव्हलचे काम करणाऱ्याकडे, म्हणजे बोर्डवरील सुटे भाग दुरुस्त करणाऱ्याकडे जावे आणि बोर्डवर कोठे व्होल्टेज येत नाही किंवा कोठे शॉर्ट आहे, ते मीटर लावून दाखवायला सांगावे. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याच्याकडे बोर्ड बदलायला देऊ नये. घरातील अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, विशेषतः चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर. आपल्याकडे जांभ्यात पुरलेले अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडून कुचकामी होते आणि वळवाच्या विजांचे दिवस नेमके तेव्हाच येतात.