दंडावरची फोडी आणि बीसीजीचा जादा गुण

प्रश्न : माझा नातू पाच आठवड्यांचा आहे. जन्माच्या दुसऱ्या दिवशी म्हापशाला त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचली. तेव्हा काहीच दिसलं नाही म्हणून आम्ही विसरून गेलो, आणि आता तिथे पिवळ्या तोंडाची फोडी आली आहे. शेजारीण हळदीचा लेप लावायला सांगते. सून म्हणते, या लसीने क्षयच नव्हे, सगळ्याच रोगांशी लढायची ताकद येते. आमच्या घरात क्षय कुणालाच नाही. मग ही लस हवीच होती का? आणि सून म्हणते ते खरं का?
– एक आजी, साखळी

उत्तर : आजी, लेप लावला असेल तर आधी धुऊन टाका. बीसीजीचं असंच असतं. दोन-चार आठवडे काही दिसत नाही, मग बारीक गाठ येते, ती पिकते, फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत लहानसा व्रण राहतो. आंघोळ नेहमीसारखी घाला. मलम नको, पट्टी नको, पिळणं तर अजिबात नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईला सांगा, तेवढी जागा रगडू नकोस म्हणून. या बायका ऐकत नाहीत, तेव्हा समोर बसा. काखेत गाठ येऊन ती वाढत चालली किंवा मऊ पडली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

घरात क्षय नाही, ठीक. पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि हा जंतू खोकल्यातून हवेत येतो. बारशाला आलेल्या वीस माणसांतला कोण खोकतोय, कुणाला ठाऊक? तान्ह्या मुलात हा रोग मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, आणि तिथे बीसीजी चांगली कामाला येते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा तेवढा भरवसा नाही. तामिळनाडूत चिंगलपेटला १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत तो गुण दिसला नाही.

आता सूनबाईंचं. त्यांनी वाचलं ते हवेतलं नाही, पण निम्मंच आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात पीटर आबी हे डॅनिश संशोधक १९७८ पासून बालमृत्यूंचा अभ्यास करत आले. तिथे कमी वजनाच्या बाळांना बीसीजी उशिरा द्यायची रीत होती. त्यांच्या गटाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काही बाळांना ती जन्मतःच दिली, बाकीच्यांना रीतीप्रमाणे नंतर. तीन चाचण्यांचा हिशेब एकत्र केला तेव्हा जन्मतः लस मिळालेल्यांत पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक कमी निघाले. पहिल्या महिन्यात बाळं क्षयाने मरत नाहीत. मरतात ती रक्तातल्या जंतुसंसर्गाने, न्यूमोनियाने. मग क्षयाच्या लसीने वाचवलं कशापासून?

याचा धागा नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात मिहाई नेतेआ यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यांनी निरोगी मोठ्या माणसांना बीसीजी दिली, आधी आणि नंतर त्यांचं रक्त घेतलं, आणि त्यातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींसमोर क्षयाशी संबंध नसलेले जंतू ठेवले : एक बुरशी, एक पू करणारा जीवाणू. लस घेतल्यानंतरच्या पेशी जास्त जोराने उठल्या, आणि तीन महिन्यांनीही तशाच. २०१२ मध्ये हे छापून आलं. मोनोसाइट ही उपजत प्रतिकारशक्तीची पेशी. तिला काही लक्षात राहत नाही असं आम्ही कॉलेजात घोकलेलं! घडतं ते असं : पेशीतला जनुकांचा मजकूर बदलत नाही, पण ज्या जनुकांनी लढाईची रसायनं बनतात तिथे रासायनिक खुणा बसतात. चवथीला आरत्यांच्या वहीत लागणाऱ्या पानांवर दोरा घालून ठेवतो, तसं. वेळ आली की ते पान चटकन उघडतं. पण मोनोसाइट रक्तात काही दिवसच जगते, मग खूण महिनोन्महिने टिकते कशी? हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींवरही लसीचा ठसा उमटतो, आणि त्यांच्यापासून होणाऱ्या नव्या पेशी तो घेऊनच येतात. नवजात बाळाची शिकून येणारी प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, त्याची पहिली मदार या उपजत फळीवरच. म्हणून लस जन्मतः मिळण्याला महत्त्व.

उरलेलं निम्मं असं. चेन्नई आणि पुदुच्चेरीत दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांवर अशीच चाचणी झाली, तिथे मृत्यू घटले नाहीत. गिनी-बिसाऊत लसीतल्या जंतूचा डॅनिश वाण होता, इथे रशियन. फरक वाणाचा की परिस्थितीचा, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. कोविडच्या काळात तर चांगली शिकलेली माणसं फोंड्याला माझ्याकडे बीसीजी मागायला येत. मी परत पाठवली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या आरोग्यसेवकांवरच्या चाचणीत तिने कोविड रोखला नाही. तेव्हा ‘सगळ्याच रोगांशी’ हे शब्द सूनबाईंनी मागे घ्यावेत. बीसीजी घ्यायची ती क्षयासाठी. जादा गुण मिळाला तर तो लाभ.

मला खटकतं ते वेगळंच. बीसीजीची सरकारी कुपी दहा मात्रांची. एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरेल ती टाकून द्यायची. मग कुपी वाया नको म्हणून ठिकठिकाणी लसीचा वार ठरवतात आणि मधल्या दिवशी जन्मलेलं बाळ तसंच घरी जातं. त्यात घरच्यांची भर : सोयर फिटू दे, बारसं होऊ दे. दोन बाळांसाठी आठ मात्रा फुकट गेल्या तरी जाऊ द्याव्यात, असं माझं मत. तुमच्या नातवाला दुसऱ्या दिवशी मिळाली, हे उत्तम झालं.

पुढच्या आठवड्यात त्याचे दीड महिन्याचे डोस आहेत. फोडी ओली आहे म्हणून ते पुढे ढकलू नका. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि न्यूमोनियाची लस मांडीत, पोलिओची सुई उजव्या दंडात, बाकी थेंब तोंडाने; डाव्या दंडाला कुणी हात लावणार नाही. पुढे व्रण दिसेनासा झाला तरी बीसीजी पुन्हा टोचायची नसते.