डुकराचे मूत्रपिंड, माणसाच्या अँटीबॉडी आणि बारावीनंतरचा प्रवेश

सप्रेम नमस्कार ताई,

मुलगी बारावीला (पीसीबी) आहे, डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवल्याच्या बातम्या वाचून तिला त्याच क्षेत्रात जायचे आहे. कोर्स कोणता आणि पशुवैद्यकीला गेली तर नीटचे गुण वाया जातील का, असे तुम्ही विचारता. या क्षेत्राला झेनोट्रान्सप्लांटेशन म्हणतात, म्हणजे प्राण्याचा अवयव माणसाला बसवणे; पण या नावाची पदवी शोधत बसू नका. अवयव का नाकारला जातो ते आधी पाहू.

डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात ती बनत नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंवर ती असल्याने तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडी (परक्या गोष्टीला चिकटणारी प्रथिने) आपल्या रक्तात लहानपणापासूनच असतात. साध्या डुकराचा अवयव जोडला की या अँटीबॉडी अस्तराला चिकटतात, कॉम्प्लिमेंट प्रथिने (अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिने) कामाला लागतात, गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत किंवा तासांत अवयव काळानिळा पडतो. म्हणून ही साखर बनवणारे जीजीटीए-१ जनुक काढलेली डुकरे आली. तेवढ्याने भागले नाही. आणखी दोन साखरांची जनुके काढावी लागली, माणसाची कॉम्प्लिमेंट रोखणारी प्रथिनेही घालावी लागली. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला ज्या डुकराचे हृदय बसवले, त्यात असे दहा बदल होते. त्या रुग्णात पुढे डुकराचा सायटोमेगॅलो विषाणू सापडला. म्हणजे कळपाचे आरोग्य जपणारा पशुवैद्य इथे दुय्यम नाही. गुण वाया जाण्याचा प्रश्नच नाही.

भारतात आज या विषयाच्या सर्वांत जवळची नोकरी एचएलए प्रयोगशाळेत आहे, म्हणजे अवयवदाता आणि रुग्ण जुळतात का ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथली क्रॉसमॅच, म्हणजे जुळणीची चाचणी, अशी होते: ट्रेच्या खाचेत रुग्णाचे १ मायक्रोलिटर सीरम आणि दात्याच्या लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) १ मायक्रोलिटर, अर्धा तास, मग सशाचे कॉम्प्लिमेंट ५ मायक्रोलिटर, एक तास, मग रंग. मेलेल्या पेशी रंग घेतात; त्या दिसल्या तर रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटीबॉडी आहेत, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. कॉम्प्लिमेंट वितळवून पुन्हा गोठवले की त्याचा जोर जातो, पेशी जिवंत दिसतात आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल (पेशी नक्की मरायलाच हव्यात असा नमुना) हवाच. लिम्फोसाइट्स डुकराच्या घेतल्या की संशोधनात वापरतात ती चाचणी हीच.

आता पदवी. प्राण्यांची ओढ असेल तर बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकीची पदवी: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे, नीटवरून प्रवेश, परळचे महाविद्यालय किंवा माफसूची (राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाची) इतर. पुढे एमव्हीएस्सी शल्यचिकित्सा किंवा विकृतिशास्त्रात. माझे मत इकडेच झुकते, कारण वर्गातले फार थोडे जण या बाजूने विचार करतात. रुग्ण सांभाळायचे असतील तर एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन आणि नेफ्रॉलॉजी (मूत्रपिंडाचे शास्त्र). वर्षे खूप जातात, तयारी हवी. प्रयोगशाळाच आवडत असेल तर मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी-एमएस्सी, नाहीतर आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था). पुढे पीएचडीसाठी पुण्याचे एनसीसीएस (पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र) किंवा परळची आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी (रक्त आणि प्रतिकारशक्ती) संस्था डोळ्यांसमोर ठेवावी.

नीटबरोबर आयसरची परीक्षाही द्यायला सांगा. ती पीसीबीवर देता येते. पण चार विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात आणि त्यात गणितही येते. तिने गणित सोडले असेल तर अकरावीचे पुस्तक याच महिन्यात काढू दे.