ट्रस्टसाठी वकील कोणता बघावा?

प्रश्न : आमचा मुलगा २१ वर्षांचा असून स्वमग्न आहे. आमच्या पश्चात त्याचा खर्च चालावा म्हणून फ्लॅट आणि मुदत ठेवी ट्रस्टमध्ये ठेवायच्या आहेत. ओळखीचे एक वकील धर्मादाय आयुक्तांकडची कामं करतात. त्यांनाच सांगावं का?

उत्तर : घाई नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदतात ते सार्वजनिक न्यास, म्हणजे देवस्थान, शाळा, दवाखाना वगैरे. तुमचा ट्रस्ट खासगी. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. फ्लॅट त्यात हयातीतच घालायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसती नोटरी चालत नाही. हा फरक पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगणारा वकील बघा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही, तेव्हा नावं विशेष मुलांच्या पालक संघटनांकडून किंवा तुमच्या सीएकडून घ्या.

भेटीत, पक्षकारांची नावं झाकलेला एखादा जुना दस्त वाचायला मागा. विश्वस्तांचं कलम आधी बघा. ‘आई, वडील, काका’ एवढंच लिहिलं असेल आणि तिघंही साठीतले असतील, तर मुलगा पन्नाशीला येईल तेव्हा सही करणार कोण? एक विश्वस्त गेला किंवा त्याने नकार दिला की पुढचा कसा नेमायचा, हे दस्तात स्पष्ट हवं. दस्तात काहीच लिहिलं नसेल तर कायद्याने सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो. एक जण परदेशी असला की ठेव मोडणंही अडतं. मानधनाचंही तसंच, लिहिलं नाही तर विश्वस्ताला ते मागता येत नाही. वीस-तीस वर्षं फुकट कोण राबेल?

‘मुलाला व इतर कुटुंबीयांना, विश्वस्तांना योग्य वाटेल तसं’ हे वाक्य तयार मसुद्यांत सर्रास असतं. वाटा ठरलेला नसला की उत्पन्नावर साधारणपणे सर्वोच्च दराने कर लागतो. ट्रस्ट रद्द करण्याचा अधिकार राखलात तर उत्पन्नावरचा कर तुमच्याच डोक्यावर येतो. न राखलात तर पुढे मन बदललं तरी मागे फिरणं जवळपास अशक्य. यावर वकील आणि सीए यांना एकत्र बसवा.

फी ठरवताना काम कुठे संपतं ते लेखी घ्या. दस्त नोंदला आणि वकील मोकळे झाले, पण ट्रस्टचं पॅन नाही, बँक खातं नाही, सोसायटीच्या भाग दाखल्यावर अजून तुमचंच नाव आणि ठेवींवर नॉमिनी म्हणून भाऊ, अशी प्रकरणं पुष्कळ. तो ट्रस्ट रिकामाच. मुद्रांक शुल्काचा अंदाजही आधीच मागा. फ्लॅटच्या बाबतीत ते वकिलाच्या फीपेक्षा भारी पडू शकतं. ते जड वाटलं तर ट्रस्ट छोट्या रकमेने सुरू करून फ्लॅट मृत्युपत्राने त्यात देता येतो का, तेही विचारा.

पालकत्व हे वेगळं काम आहे. मुलगा १८ चा झाला तेव्हाच तुमचं कायदेशीर पालकत्व संपलं. स्वमग्न व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो. तुमच्यानंतरचा पालक आणि एकमेव विश्वस्त ही एकच व्यक्ती ठेवू नका. पैसे मागणारी आणि देणारी तीच असली, तर हिशेब विचारणारं कुणी उरत नाही.