आडनावाच्या शेवटी 'कर' असलेले ग्राहक एसक्यूएलमध्ये कसे शोधू? = '%कर' लिहिलं तर एकही ओळ येत नाही.

बरोबरच्या चिन्हाला (=) वाइल्डकार्ड, म्हणजे इतर अक्षरांच्या जागी चालणारं चिन्ह, कळत नाही. ते खरोखरच '%कर' अशी अक्षरं असलेलं आडनाव शोधतं. त्याजागी लाइक वापरा: आडनाव लाइक '%कर'. टक्का म्हणजे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा चालतं. यात तेंडुलकर, गावसकर सगळे येतील. शेवटीही टक्का लावू नका, नाहीतर '%कर%' मध्ये कुलकर्णीही येतात. तरीही काही नावं सुटली, तर डेटात शेवटी स्पेस राहिली आहे का बघा. कडेच्या स्पेस काढणारं ट्रिम लावून पाहा.

अंडरस्कोर म्हणजे नेमकं एक अक्षर, पण मराठीत इथेच घोळ होतो. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसमध्ये 'पाटील' हे पाच अंडरस्कोरला जुळतं, तिनाला नाही. 'कुलकर्णी'ला तर आठ लागतात! त्यामुळे देवनागरीत अंडरस्कोरने अक्षरं मोजायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

आणि टक्का किंवा अंडरस्कोर हेच चिन्ह शोधायचं असेल (उदा. '50%' सूट), तर त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्या: '%50\%%'. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र एस्केप हा शब्द लिहून ही रेघ त्यासाठी वापरली आहे हे सांगावं लागतं.

टेबल मोठं असेल तर सुरुवातीचा टक्का महागात पडतो. साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) शब्दाच्या सुरुवातीवरून शोधतो, त्यामुळे 'देश%' ला तो उपयोगी पडू शकतो, '%कर' ला नाही. हा शोध रोजचा असेल तर आडनाव उलटं करून वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि त्यावर इंडेक्स बांधा; मग तिथे 'रक%' असं शोधा.