वाचकांचे प्रश्न : शोषखड्डा दुसऱ्याच पावसाळ्यात का तुंबला?

प्रश्न : आमच्या गावात सांडपाणी जिरवायला घरोघरी ४ फूट लांब, रुंद आणि खोल, दगड भरलेले शोषखड्डे घेतले. न्हाणी आणि मोरीचे पाणी थेट त्यात सोडले आहे. पहिले वर्ष बरे गेले, दुसऱ्या पावसाळ्यात निम्म्या खड्ड्यांचे पाणी वर आले. पुन्हा गटार बांधावे का?
– सरपंच, लातूर जिल्हा

उत्तर : गटाराची घाई करू नका. गटाराने पाणी फक्त गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाते, जिरत नाही. खड्डे तुंबण्याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत.

पहिले कारण, गाळटाकी नाही. भांडी घासलेली राख, खरकटे, तेल आणि साबणाचा साका सरळ दगडांत गेला. खड्ड्याच्या भिंतींवर त्याचा काळा बुळबुळीत थर बसतो आणि माती पाणी पिणे थांबवते. खड्ड्याआधी दीड फूट लांब-रुंद, २ फूट खोल टाकी हवी. आत येणाऱ्या पाइपला जाळी आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला खाली तोंड केलेला एल्बो (वाकलेला जोड) लावा, म्हणजे तरंगणारे तेल टाकीतच अडते. दर पंधरा दिवसांनी गाळ काढून उकिरड्यात टाकायचा. हे काम कोणाचे, हे घरात आधीच ठरले पाहिजे; नाहीतर टाकी बांधूनही खड्डा तुंबतो.

दुसरे कारण जमिनीचे. खड्ड्याचे माप गावभर एकच ठेवता येत नाही. ज्या खोलीवर पाणी जिरायचे आहे तिथे वीतभर रुंदीचे भोक घ्या, तळाशी २ इंच खडी टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी खडीवर १५ सेंमी पाणी ठेवून पातळी अडीच सेंमी उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजा. माणशी ५५ लिटर नळपाणी धरले तर पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर लागते; त्यातले सुमारे सत्तर टक्के, म्हणजे १९० लिटर, सांडपाणी होते. वीस मिनिटांच्या आत पातळी उतरली, तर ४ फुटी खड्डा पुरतो. त्याहून जास्त, साठ मिनिटांपर्यंत लागली तर खड्ड्याऐवजी उथळ चर घ्या : दीड फूट रुंद, २ फूट खोल, खडीत भोकांचा पाइप, पन्नास मिनिटांच्या जमिनीत लांबी सुमारे १५ मीटर. कडेला केळी, अळू, कर्दळ लावा. साठच्या वर गेलेल्या काळ्या चिकणमातीत घरोघरी जिरवण्याचा हट्ट सोडा. त्या गल्लीचे पाणी एकत्र करून मुरमाच्या जागी किंवा स्थिरीकरण तळ्यात (सांडपाणी साठून आपोआप निवळते ते उथळ तळे) न्यावे लागेल.

तिसरे, पागोळीचे पाणी. २० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिमी पाऊस झाला की १,००० लिटर पाणी येते. खड्ड्यातल्या दगडांच्या फटींत जेमतेम पाचशे-सहाशे लिटर मावते! पागोळी वेगळी काढा.

तुंबलेला खड्डा उन्हाळ्यात उपसा, दगड धुऊन वाळवा आणि भिंतींचा काळा थर दोन इंच खरवडा. ओल्या मातीत खणू नका. कुदळीने भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. भरताना तळाशी मोठे दगड, वर लहान, शेवटी गोणपाट आणि माती. वाळू मात्र नको, तीच आधी बुजते.

प्रश्न : संडासाचा पाइपही मोरीच्या शोषखड्ड्यातच सोडला तर चालेल?
– एक गृहिणी, वाशीम जिल्हा

उत्तर : नाही. मैल्याला जाळीदार वीटकामाचे दोन स्वतंत्र खड्डे आणि मध्ये वाटणी करणारा चेंबर लागतो. एक खड्डा भरला की त्याचे तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद केलेला दीड-दोन वर्षे उघडायचा नाही, तोवर त्याचे खत होते. मोरीचे पाणी त्यात गेले तर तो सतत भिजत राहतो आणि खत होत नाही. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर लांब जागा निवडा. तेवढे अंतर मिळत नसेल तर खणण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याला जागा दाखवा.