बॅकटिकच्या आत बॅकस्लॅश चालत नाही

अरे, तू बॅकटिकच्या (कोडभोवती लावायच्या तिरक्या अवतरणचिन्हाच्या) आत `\*` लिहिलंस आणि ते बॅकस्लॅशसकट दिसलं, यात मार्कडाउनची (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायच्या पद्धतीची) काही चूक नाही. एरवीच्या मजकुरात ताराचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश टाकला की ते मुकाट ताराचिन्हच राहतं. पण बॅकटिकच्या आत सगळं जसंच्या तसं छापायचं असतं. तिथे नुसतं `*` पुरे.

खरी गोची होते ती कोडमध्येच बॅकटिक हवा असला की. शेलच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये किंवा जावास्क्रिप्टच्या टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये तो हटकून येतो. तेव्हा कुंपण मोठं कर: दोन बॅकटिकनी उघड, दोननीच बंद कर. आतला एकटा मग सुखरूप. तो अगदी कडेला असेल तर दोन्हीकडे एकेक स्पेस सोड, म्हणजे `` `तारीख` `` असं. त्या स्पेस छापताना गळून पडतात. आत सलग दोन असतील तर बाहेर तीन.

आत बॅकस्लॅश चालत नाही, याला एक अपवाद मात्र छळतो. गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) तक्त्यात उभी रेघ कोडच्या आत असली तरी `\|` अशीच लिहावी लागते, नाहीतर रकाना तिथेच तुटतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे, आणि मी दोष देत होतो बॅकटिकला.