रग पंच नीडल घरी सुरू करायचं तर आधी काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की शिवणकाम जेमतेम बटण लावण्याइतकं येतं, घर भाड्याचं आणि लहान आहे, तरी पंच नीडलने, म्हणजे पोकळ सुईने कापडात लोकरीचे लूप (फासे) सोडत, एखादा छोटा रग करायचाय. मग सुई कुठली घ्यावी, की थेट टफ्टिंग गन, म्हणजे हेच काम भराभर करणारं यंत्रच घ्यावं?

गनचं आधी उरकते. नको. ती विजेवर चालते, चांगलाच आवाज करते, तिला तीन-चार फुटांची उभी, पक्की बसवलेली चौकट लागते आणि लोकरीचे तुसे घरभर उडतात. शिवाय गनने कापलेले झुपके कापडात नुसते अडकलेले असतात. मागून लेटेक्सचा थर दिला तरच ते टिकतात. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडचे हॅन्ड-टफ्टेड गालिचे असेच होतात, मागे लेटेक्स आणि त्यावर अस्तर. कारखान्यात ते ठीक आहे. भाड्याच्या घरात लेटेक्स वाळत घालायला जागा कुठली! पंच नीडलला वीज नको, लेटेक्स नको, शिवणकामही जवळजवळ नको. बटण लावता येतं ना, मग कडेचं हेमही जमेल.

आता सुई. सगळे सुईपासूनच सुरुवात करतात, महागातली मागवतात आणि तिच्याबरोबर मिळेल ते कापड लाकडी रिंगमध्ये अडकवून बसतात. मग लूप भराभर सुटून येतात आणि सुईला शिव्या बसतात. माझं मत उलटं आहे: पैसे आणि वेळ आधी कापडावर आणि चौकटीवर घाला, सुई साधी चालेल.

कारण या कामात गाठ नसते, गोंद नसतो. सुई कापडाचे धागे बाजूला सारून आत जाते, लोकर पलीकडे सोडते आणि बाहेर येते. बाजूला झालेले धागे परत जवळ येतात आणि ती लोकर आवळून धरतात. रग टिकतो तो या आवळण्यावर. त्यामुळे कापड मऊ, सुती आणि सरकणाऱ्या विणीचं हवं. जगभर यासाठी मंक्स क्लॉथ वापरतात: जाड सुती कापड, दोन-दोन धाग्यांची चौकटीची वीण, इंचाला 12 ते 14 भोकं. आपल्याकडे ते आता ऑनलाइन सहज मिळतं. दुकानात क्रॉस स्टिचसाठी जी मॅटी मिळते ती दिसायला जवळची असते, पण बरीचशी कडक आणि घट्ट असते. बारीक सुईने भिंतीवरचं काहीतरी करायला ती चालेल, जाड लोकरीच्या रगला नाही. घ्यायच्या आधी जाड पेन्सिलीचं टोक विणीत घालून बघा. धागे न तुटता बाजूला झाले आणि पेन्सिल काढल्यावर बोटाने घासताच भोक बुजलं, तर कापड घ्या.

गोणपाट वापरू का, असं बरेच जण विचारतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बायका आकड्याने चिंध्यांचे रग करायच्या ते धान्याच्या रिकाम्या गोण्यांवरच, आणि त्या काळात ताग म्हटलं की तो मुख्यतः आपल्या बंगालचा. ही पंच सुई नंतरची, अमेरिकेतलीच, 1880 च्या दशकातली. पण ताग वर्षागणिक कडक होऊन तुटायला लागतो, आणि आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो, वास येतो ते वेगळंच. इतकी मेहनत घालायची तर पाया सुती असू द्या.

चौकट. लाकडी रिंग कोस्टरपुरती ठीक. मोठ्या कामात तिच्यात कापड तासाभरात सैल पडतं आणि दर वेळी स्क्रू आवळत बसावं लागतं. त्यापेक्षा चित्रकलेच्या दुकानात कॅनव्हास ताणायच्या लाकडी पट्ट्या मिळतात त्या चार घ्या, किंवा सुताराकडून साधी चौकट करून घ्या, आणि कापड स्टेपल गनने ठोका. आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग तिथून कोपऱ्यांकडे. विणीचा धागा चौकटीला समांतर राहिला पाहिजे, नाहीतर काम उतरवल्यावर चौरसाचा पतंग होतो. ताण किती? बोटाने टिचकी मारली तर तबल्याच्या पुडीसारखा आवाज यावा इतका. कामाच्या मधे ते ढिलं पडणारच. तेव्हा स्टेपल काढून पुन्हा ताणा, आळस करू नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा बसवणारे लोक बारीक खिळ्यांची लाकडी पट्टी वापरतात. ती मिळाली तर चौकटीवर ठोका, कापड नुसतं ओढून अडकवता येतं. मात्र खिळ्यांवर जाड कापडाची पट्टी झाका, मनगटं सोलवटतात.

कापड कापताना डिझाइनच्या चारी बाजूंना तीन-चार इंच जास्तीचं ठेवा आणि चौकटीवर चढवायच्या आधी कडा कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडून इंटरलॉक करून आणा. हे कापड इतकं उसवतं की दोन दिवसांत अर्धा इंच गायब.

सुईचं थोडक्यात. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एमी ऑक्सफर्ड यांच्या नावाची सुई रगवाल्यांमध्ये प्रमाण मानली जाते. तिची लांबी ठरलेली, त्यामुळे लूपची उंचीही ठरलेली: 10 नंबरची रेग्युलर (म्हणजे जाड लोकरीची) पाव इंचाचे लूप देते, 8 नंबरची अर्ध्या इंचाचे. इथे ती महाग पडते. लाकडी मुठीची, पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीची देशी सुई पहिल्या कामाला पुरे. जादूची सुई म्हणून प्लॅस्टिकची जी बारीक सुई मिळते ती भरतकामाच्या धाग्यासाठी आहे, तिच्यातून रगची लोकर जाणार नाही.

आता लोकर. रग जमिनीवर घालायचा असेल तर खरी लोकर हवी. आपल्या दुकानांतल्या विणायच्या लोकरी बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या असतात. उशीला, भिंतीला छान, पण पायाखाली त्या चपट्या होतात आणि परत उठत नाहीत. गालिच्याची उरलेली लोकर वजनावर विकणारे भदोहीकडचे विक्रेते ऑनलाइन सापडतात. ती हाताला जरा खरखरीत लागते, पण रगला तीच बरी. धागा बारीक असेल तर दोन-तीन पदर एकत्र घ्या. सुईची नळी भरली पाहिजे, पण ओढल्यावर धागा न अडखळता घसरला पाहिजे. लडी असेल तर आधी सैल गुंडा करून घ्या. जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या मात्र या सुईत अडकतात. त्यांचं पायपुसणं विणा किंवा गोधडीत घाला.

लोकर किती लागेल हे कुणाला विचारू नका, कारण ते प्रत्येकाच्या हातावर असतं. कापडाच्या कडेला चार बाय चार इंचांचा चौकोन भरा. भरायच्या आधी आणि नंतर गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. फरकाला नऊने गुणलं की एका चौरस फुटाची लोकर. वर थोडी जास्तीची घ्या, कारण तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही.

टाका घालायला पाच मिनिटांत येतो. सुईची उघडी बाजू ज्या दिशेने जायचं तिकडे. मूठ कापडाला टेकेपर्यंत सुई आत, मग टोक कापडाच्या जेमतेम वर, आणि ते कापडावरून किंचित घासत पुढच्या भोकाकडे. टोक हवेत उचललंत की मागचा लूप ओढला जातो. जाड लोकरीला इंचाला चारेक टाके पुरतात. वळायचं असेल तर सुई आत असतानाच वळा. आधी आकृतीची कड, रेषेच्या आतून, मग पोट भरा. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक लूपच्या बाजूला ढकलून लूपच्या उंचीला कापा. लूप सुटत असतील तर सुईकडे बघू नका. लोकर कोपराखाली किंवा मांडीखाली दबलेली असते, नाहीतर कापड ढिलं असतं.

तुम्ही काम करता ती बाजू मागची असते, हे डिझाइन काढतानाच लक्षात ठेवा. अक्षरं उलटी काढावी लागतात, आणि स्वस्तिकही उलटं उमटतं, त्यामुळे देवघरासमोरच्या आसनाचा विचार असेल तर जपून. ठिपक्यांच्या रांगोळीतल्या सममित आकृती सगळ्यात सोप्या. सरळ रेष हवी तर पेन्सिल विणीच्या खाचेतून ओढा, ती आपोआप सरळ जाते. वारलीचा मोह मला समजतो, पण त्या माणसांचे काडीसारखे हातपाय जाड लोकरीत बुडून जातात. रेष किमान दोन ओळींची हवी, आणि मग ती वारली दिसत नाही.

पहिलं काम म्हणून मी बसकर सुचवीन, पाटावर किंवा खुर्चीवर घालायचं, दीड फूट बाय दीड फूट. दोनच रंग, मोठे आकार. बाथरूमसमोरचं पायपुसणं नको, ते रोज ओलं होणार आणि लोकर लवकर वाळत नाही.

भरून झालं की चौकटीवरून काढायच्या आधी उलटून बघा आणि विरळ जागा भरा. मग मागच्या बाजूवर ओलं फडकं ठेवून इस्त्रीची वाफ द्या, लूप बसतात. अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री लांबच. शेवटच्या ओळीपासून दोन इंच सोडून कापड कापा, दोनदा दुमडून मागे हेम घाला. कड उठावदार हवी असेल तर दुमडीत जाड सुतळी घालून दाभणाने त्याच लोकरीचे तिरके टाके घाला. या कडेला मात्र वेळ लागतो, भरण्याइतकाच कंटाळवाणा. मागून गोंद लावायचा सल्ला खूप जण देतात. पांढरा गोंद धुताना मऊ पडतो आणि वाळला की रग पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो. घट्ट भरलेल्या रगला त्याची गरज नसते. घसरू नये म्हणून खाली रबराची जाळी सुटी घाला, म्हणजे फरशी पुसताना दोन्ही उचलता येतील.

धुवायची वेळ कमी येऊ द्या, आणि आलीच तर गार पाण्यात, न पिळता, सपाट वाळत घाला. खरी लोकर असेल तर पावसाळ्याआधी ऊन दाखवा आणि कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्या कापडात बांधून जवळ ठेवा, नाहीतर कसर लागते. रोज वापरात असलेल्या, झटकल्या जाणाऱ्या रगला ती सहसा लागत नाही.